क ला काना

मे महिन्यात कऱ्हाडच्या आमच्या घरी दुपारी एकच पंखा कामाचा असतो, मधल्या खोलीतला. बाकीचे नुसती गरम हवा ढवळतात. त्यामुळे जेवणं उरकली की सगळं घर त्याच्याखाली गोळा होतं. आई संध्याकाळच्या रसाचे आंबे माचवत बसलेली, मी भिंतीला टेकून अर्धा झोपेत, आणि यंदा सई, माझी भाची, माझाच लॅपटॉप पाटावर ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून. ती सातवीत जाणार. शाळेत पायथन सुरू झालंय आणि सुट्टीचा अभ्यास म्हणून उलटसुलट कसंही वाचलं तरी तेच राहणारे शब्द ओळखणारा प्रोग्राम लिहून न्यायचाय. चार ओळींचं काम. शब्द घ्यायचा, उलटा करायचा, मूळ शब्दाशी जुळवून बघायचा. जुळला तर ट्रू, नाहीतर फॉल्स. शाळेनं दिलेले रोमन शब्द तिनं पाच मिनिटांत उडवले आणि मराठीवर आली. 'नयन' ट्रू. 'कनक' ट्रू. 'सरस' ट्रू. प्रत्येक ट्रूला ती मान न वळवता एक हात वर करायची.

"नवजीवन घाल," आई आंब्यावरून नजर न काढता म्हणाली. फॉल्स. सईनं टायपिंग तपासलं, पुन्हा घातलं. फॉल्स. आईनं हात पुसले. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेल्या बाईला असं उत्तर सहन होत नाही. "बरं, पूर्ण वाक्य घाल. रामाला भाला मारा." फॉल्स. मला वाटलं, आता 'तुमच्या कंप्युटरला काही येत नाही' असं काहीतरी ऐकायला मिळणार. पण आई शिक्षिका आहे, मुलाचं उत्तर चुकलं की आधी तो कुठून चुकला ते बघायची तिची सवय. ती म्हणाली, "त्याला उलटं काय दिसतंय, ते छापायला सांग की." सईनं छापलं. पडद्यावर आलं:

◌ाराम ◌ालाभ ◌ालामार

आईनं चष्मा चढवला. ठिपक्यांच्या त्या रिकाम्या वर्तुळावर आंब्याचा पिवळा अंगठा टेकवून तिनं विचारलं,

"हा काना कुणाचा?"

मी वीस वर्षं प्रोग्रामिंगच्या धंद्यात आहे. उत्तर मला ठाऊक होतं, आणि तरी मी "रात्री सांगतो" म्हणून कूस वळवली. का वळवली, ते तेव्हा माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. झोप मात्र लागली नाही.

रात्री सगळी निजल्यावर मी ते एकच वाक्य घेऊन बसलो आणि प्रोग्रामिंगच्या जेवढ्या भाषा मशीनवर होत्या तेवढ्यांना एकेक करून विचारत सुटलो. कामाचा काही संबंध नाही, निव्वळ खाज. आधी सी. तिला विचारलं या वाक्याची लांबी किती, तर ती म्हणाली ४४. अक्षरं मोजा: रामाला तीन, भाला दोन, मारा दोन, झाली सात, वर दोन मोकळ्या जागा. पण सी अक्षरं मोजतच नाही, ती बाइट मोजते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट खातं. काना वेगळा, त्याचे वेगळे तीन. चौदा चिन्हं त्रिक बेचाळीस, अधिक दोन. तिथे वाक्य उलटं केलं तर मराठीच उरत नाही, काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं ओळीनं उभी राहतात. हे तीन बाइटचं गणित न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात ताटाखालच्या कागदावर मांडलं. रोमनला एक, आपल्याला तीन. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, आधी आलेल्याला पुढची खुर्ची मिळाली एवढंच. याच दोघांनी पुढे तिसऱ्या एकासोबत गो नावाची भाषा केली. तिला लांबी विचारली तर तीही मुकाट्यानं ४४ म्हणते, फक्त चिन्हं मोजायची वेगळी सोय देते. मग १६.

जावास्क्रिप्टला आणि रूबीला उलटं करायला सांगितलं तर पायथनसारखंच आराम-लाभ-लामार, अ शिवायचा आराम. जावा माझी रोजची भाषा, तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून तिला मुद्दाम अवघड घातलं: वाक्याच्या शेवटी हसरा पिवळा चेहरा जोडला. तो चेहरा आत दोन तुकड्यांत साठवलेला असतो, हे दोन तुकडे उलटताना फुटू नयेत म्हणून जावानं खास काळजी घेतलेली आहे. चेहरा शाबूत आला, हसत हसत पहिल्या जागेवर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग अनाथ काना. मी एकटाच हसलो, जरा मोठ्यानं, आणि आतून आईचा खोकला ऐकू आला. शेवटी स्विफ्ट. ती मुळातच अक्षर धरून चालते. लांबी ९. मोकळ्या जागा काढून उलटं केलं, जुळवलं, आणि ट्रू.

एकदा ही खाज सुटली की थांबत नाही. पायथनमध्ये 'ही सगळी अक्षरंच आहेत का' असं विचारायची सोय आहे. 'कमल' घातलं, हो म्हणाला. 'विमल' घातलं, नाही म्हणाला. वेलांटी त्याच्या लेखी अक्षर नव्हे. शब्द वेगळे काढायचा त्याचा नेहमीचा चाळणीचा नियम लावला तर विमलचे दोन तुकडे होतात, 'व' आणि 'मल', वेलांटी चाळणीतून खाली. पण हाच पायथन 'विमल' नावाचं व्हेरिएबल मात्र बिनतक्रार घेतो. अवतरणात '१२३' लिहून त्याचा आकडा कर म्हटलं तर एकशे तेवीस करून देतो, जावाही देते. जावास्क्रिप्ट सरळ सांगते की हा आकडाच नव्हे. आणि अवतरणाशिवाय १२३ लिहिलं तर तोच पायथन अंगावर येतो. म्हणजे ऐकून समजतं, पण आमच्यासमोर बोलायचं नाही, असं काहीतरी. मग आमच्या गावाचं नाव. 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड'. हे दोन शब्द तुम्हाला सारखे दिसत असतील, दिसायलाच हवेत. एकात खाली टिंब दिलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडलाय, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा सांधा. एकाची लांबी ६, दुसऱ्याची ७, आणि दोन्ही एकच आहेत का म्हणून विचारलं तर उत्तर फॉल्स. म्हणजे नुसतं जुळवून बघणाऱ्या यादीत एका कऱ्हाडचा माणूस दुसऱ्या कर्‍हाडात सापडायचा नाही. गावाला तिसरं, कराड हे नाव का पडलं असावं याची वेगळी कारणं आहेत, पण त्या रात्री मला हेच पुरेसं वाटलं.

कॉलेजात उलटा शब्द हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तो टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावं लागे आणि एसीमुळे तळव्यांना फरशी गार लागे. सर उदाहरणाला नेहमी 'नितीन' घ्यायचे, रोमनमध्ये, एन-आय-टी-आय-एन, पुढून मागून सारखं. आमच्या वर्गात दोन नितीन होते, दोघं उगाच कॉलर ताठ करायचे. तोच शब्द मराठीत लिहिला तर पहिली वेलांटी नि ला, दुसरी ती ला, आणि उलटा केला की 'नतीनि'. हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मराठी ही घरी बोलायची गोष्ट होती आणि स्ट्रिंग ही सी मधली.

याच समजुतीवर मी पहिल्या नोकरीत एक आकडा टाइप केला होता. तीस.

एका कार्यालयासाठी लाभार्थ्यांच्या याद्या छापणारा प्रोग्राम होता. फाइलमध्ये पहिल्या नावासाठी किती जागा सोडायची हे मला ठरवायला सांगितलं, आणि मी ३० बाइट सोडले. तीस अक्षरांचं पहिलं नाव असतं का कुणाचं? चाचणीला रोमन नावं घातली, सगळी ऐसपैस बसली. मग खऱ्या याद्या मराठीत आल्या. जागेत बसेल तेवढंच घ्यायचं, उरलेलं सोडून द्यायचं, अशी माझीच ओळ होती. लक्ष्मीबाई बरोबर तिसात बसल्या, पुरुषोत्तमही बसले. अन्नपूर्णाबाईंच्या मागचं 'बाई' गळून त्या नुसत्या अन्नपूर्णा झाल्या, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात छापील यादीचं एक पान परत आलं. एका ओळीखाली लाल पेननं दोनदा रेघ आणि समासात तिरक्या अक्षरात: 'ही बाई आहे.' नाव होतं ज्ञानेश्वर. फाइल उघडून बघितलं तर मूळ नाव ज्ञानेश्वरी. अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. शेवटची दुसरी वेलांटी तेवढी बाहेर राहिली होती आणि उरलेला शब्द इतका नेमका, इतका सुबक तुटला होता की चूक वाटेचना. काळी प्रश्नचिन्हं आली असती तर पहिल्याच दिवशी पकडलं गेलं असतं.

मी तिसाचे नव्वद केले, पाच मिनिटांत. साहेबांनी विचारलं तेव्हा 'फॉन्टचा प्रॉब्लेम होता' म्हणालो, त्या काळात फॉन्टच्या नावावर काहीही खपायचं. त्या बाई मला कधी दिसल्या नाहीत. त्यांच्या हातात ओळखपत्र एका नावाचं आणि यादीत दुसरंच नाव. खिडकीवर त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल, किती हेलपाटे पडले असतील, कोण जाणे. रागानं रेघ मारणारा माणूस मात्र मला आवडला होता. दुपारी आईच्या प्रश्नाला मी कूस का वळवली, ते त्या रात्री दोन वाजता पंख्याखाली लक्षात आलं. 'हा काना कुणाचा' हे आपल्याला कुणीतरी आधीही विचारलेलं आहे, फक्त तेव्हा ती वेलांटी होती.

ज्ञानेश्वर हे नाव मग मी मुद्दाम मोजत बसलो. बाइट धरले तर ३०. चिन्हं धरली तर १०. अक्षर म्हणजे काय याचा युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा, जुना नियम लावला तर ६, कारण तो जोडाक्षर हलन्तापाशी तोडायचा, ज् वेगळा, ञा वेगळा. नवा नियम लावला तर ४: ज्ञा, ने, श्व, र. आईला विचारलं असतं तर तिनं बोटंही न मोडता चार सांगितले असते.

सकाळी चहाच्या वेळी मी तिला सांगायला बसलो. यंत्रात 'का' असं काही साठवलेलं नसतं, क असतो आणि त्याच्यामागे काना असतो, दोन वेगळ्या घरांत. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण ठेवतात अक्षराच्या नंतर. देवनागरीला १२८ घरांची एक चाळ दिलीय, तिची मांडणी युनिकोडनं आपल्याच इस्कीवरून, भारतीय लिप्यांच्या मानकावरून घेतली, १९८८ च्या. मी बरंच समजावत होतो. आई बशीतला चहा फुंकत ऐकत होती. मग म्हणाली, "मग आम्ही वेगळं काय शिकवत होतो?" आणि बशी हातात तशीच धरून, वर्गात म्हणायची त्या चालीत: "क ला काना का. क ला पहिली वेलांटी कि. क ला दुसरी वेलांटी की."

मी गप्प बसलो. पहिलीच्या वर्गात, धुळीच्या आणि ओल्या पाटीच्या वासात, साठ पोरं एका सुरात हे म्हणायची तेव्हा मीही त्यात होतो, आईच्याच वर्गात, तिला 'बाई' म्हणत. क ला, म्हणजे आधी क. मग काना. पहिल्या वेलांटीचंही तसंच, हात आधी डावीकडे वळला तरी तोंडात क आधी. ज्यांनी ही घरं आखली त्यांनी हेच तर ऐकून ठेवलं होतं, शब्दन् शब्द. जुन्या फॉन्टांत वेलांटी आधी दाबावी लागे, त्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. फक्त 'क ला काना' इथवर येऊन यंत्र थांबतं. पुढचं 'का' पडदा रेखाटून दाखवतो, उलटं करणाऱ्या त्या चार ओळी ते म्हणत नाहीत.

"मग त्याला पुढचं म्हणायला शिकवू," सई म्हणाली. तिच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता.

ती यादी करायला बसली, अक्षराला चिकटणाऱ्या सगळ्या गोष्टींची. आजीनं बाराखडी म्हणायची, हिनं एकेक चिन्ह टाइप करायचं. एकटा काना टाइप केला की ठिपक्यांचं वर्तुळ यायचं आणि आता आजी त्याला दचकत नव्हती. अनुस्वार, विसर्ग झाले. 'ॲ' चा चंद्र राहिला होता, तो मी सांगितला तेव्हा आईनं "तो आमच्या बाराखडीत नव्हता" म्हणून नाक मुरडलं, पण घालू दिला. मग नियम: मोकळ्या जागा आधी गाळ, आणि पुढचं चिन्ह या यादीतलं असेल तर मागच्याला चिकटव. 'नवजीवन' ट्रू. 'रामाला भाला मारा' ट्रू. सईचे दोन्ही हात वर.

आई उठून आतल्या खोलीत गेली आणि तिची जाड वही घेऊन आली, शाळेत असताना फळ्यावर लिहायला जमवलेल्या गमतींची. त्यातलं एक पान तिनं उघडलं. गोदाकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आपल्या पाथरीचे, दैवज्ञ सूर्यकवी. सोळावं शतक. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिणारा गणिती माणूस, आणि त्यानं एक अख्खं काव्य असं रचलं की सरळ वाचलं तर रामाची कथा आणि उलट वाचलं तर कृष्णाची. "घाल," आई म्हणाली आणि पहिला चरण सांगितला: तं भूसुतामुक्तिमुदारहासं. उलट केला की चौथा चरण आला पाहिजे, संहारदामुक्तिमुतासुभूतं. सईच्या प्रोग्रामनं उलटं केलं, आणि मधेच कुठंतरी 'मुतिक्मुता' असं काहीतरी बरळला.

तिघांनी डोकी पडद्याजवळ नेली. 'क्ति' फुटला होता. वेलांटी ति ला घट्ट चिकटून होती, पण अर्धा क् मोकळा सुटून पुढच्या मु च्या गळ्यात पडला होता. आई कागदावर बोटांनी मोजत होती, अकरा अक्षरं, आणि सहावं क्ति, बरोबर मधोमध. "त्यानं क्ति मोडला नाही," ती म्हणाली, सूर्यकवी जणू शेजारच्या वर्गावर होता. मी सांगायला तोंड उघडलं की युनिकोडनंसुद्धा जोडाक्षर न तोडण्याचा नियम २०२३ मध्ये, १५.१ व्या आवृत्तीत घातला, तोवर बहुतेक असंच तोडत होते. पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. सई आणि आजीचं काहीतरी चाललं होतं. "हलन्त म्हणजे पाय मोडलेला," आई सांगत होती, "पाय मोडलेला एकटा कसा उभा राहील? पुढच्याचा खांदा धरणारच." सईनं आणखी एक ओळ घातली: मागच्याचा शेवट हलन्तानं होत असेल तर पुढचं अक्षरही त्यालाच जोड. जेवणाच्या आत झालं. वहीतला चौथा चरण आणि पडद्यावरचा, आईनं दोन बोटं दोन्हीकडे ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहिला.

मग वहीतली सगळी वाक्यं निघाली. 'टेप आणा आपटे' ट्रू. 'ती होडी जाडी होती' ट्रू. 'चिमा काय कामाची' फॉल्स. 'तो कवी डालडा विकतो' फॉल्स. सईचा हात अर्ध्यावर थांबला. मी बघितलं आणि मला लगेच कळलं: चिमातली पहिली, कामाचीतली दुसरी. कवीतली दुसरी, विकतोतली पहिली. वर्षानुवर्षं तोंडावर असलेली वाक्यं, बोलताना कुणाच्या कानाला खटकणार आहे?

"मामा, दोन्ही वेलांट्या सारख्याच धरू? एका ओळीचं काम आहे. उकारपण."

"धर की," मी म्हणालो.

"खबरदार," आई म्हणाली. "हे त्याचं बरोबर आहे." तिनं पेन मागितलं. मी खिशातलं निळं पुढे केलं, ते तिनं घेतलं नाही. टेबलाच्या खणातून लाल शोधून आणलं, टोपण दातात धरून काढलं, आणि वहीतल्या त्या दोन्ही वाक्यांखाली, पट्टी न लावता, एकेक सरळ रेघ ओढली.